कोंड्यावर पोसलेला रोहू

भंडारा-गोंदियाकडे मामा (माजी मालगुजारी) तलावात किंवा शेतातल्या बोडीत, म्हणजे छोट्या तळ्यात, रोहू, कटला, मृगळ वाढवणाऱ्यांचं खाद्य ठरलेलं असतं: भाताच्या गिरणीचा कोंडा आणि ढेप, म्हणजे तेल काढून उरलेली पेंड. ढेप महाग झाली की कोंडा वाढतो. मासे तोही खातात, पण वजन चढत नाही.

कारण मासा बहुतांशी ऊर्जेची गरज भागेपर्यंतच खातो. ती गरजही थोडी. अंग गरम ठेवायचं नसतं आणि नको असलेलं नत्र अमोनियाच्या रूपात कल्ल्यांतून थेट पाण्यात जातं, त्याची युरिया करण्याचा खर्च नाही. थोडक्याच खाण्यात प्रथिनं मिळायला हवीत, म्हणून कोंबडीच्या खाद्यापेक्षा माशाच्या खाद्यात प्रथिनांचं प्रमाण जास्त लागतं. ताज्या कोंड्यात प्रथिनं साधारण 12-14 टक्के, तेल मात्र भरपूर. ऊर्जा आधी पुरते, मासा खाणं थांबवतो, प्रथिनं कमी पडतात आणि उरलेली ऊर्जा पोटात चरबी होऊन बसते. शेंगदाण्याच्या ढेपेत 40 टक्क्यांहून अधिक प्रथिनं असतात. निम्मा कोंडा, निम्मी ढेप हे जुनं प्रमाण 27-28 टक्क्यांवर जातं. मोठ्या रोहूला ते चालतं, बोटुकलीला, म्हणजे बोटाएवढ्या पिल्लाला, कमीच.

म्हणून नुसती ढेपच घालावी? तेही महागात पडतं. ऊर्जा कमी पडली की मासा प्रथिनंच जाळतो आणि तळ्यात अमोनिया वाढतो. कोंड्यातला स्टार्च इथे कामाला येतो. रोहूला जठर नसतं, पण लांब आतड्यात तो स्टार्च बऱ्यापैकी पचवतो. मांसाहारी ट्राउट माशाला ते तितकंसं जमत नाही.

आपल्याकडे मुबलक ती सरकीची ढेप. तिच्यातलं गॉसिपॉल हे विषारी द्रव्य भूक मारतं, शिवाय लायसिन या अमिनो आम्लाला, म्हणजे प्रथिनांच्या एका घटकाला, चिकटून बसतं. लायसिन आधीच कमी. ते संपलं की बाकीची अमिनो आम्लं असूनही मांस बनत नाही, ती जळून जातात. थोडी मिसळायला हरकत नाही. तिच्यावरच सगळी भिस्त ठेवणं मला पटत नाही.

डिसेंबर-जानेवारीत पाणी गार झालं की चयापचय मंदावतो, तेव्हा खाद्य कमी करावं. एरवीही खाल्ल्यावर काही तास माशाला प्राणवायू जास्त लागतो, आणि तळ्यात तो पहाटे सर्वांत कमी असतो. खाद्य ऊन्हं चढल्यावर टाकावं. आभाळ भरून आलं असेल तर अर्धंच.