वेस्ट रायडिंग: टॉवरचं राजकारण

इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या वेस्ट रायडिंग या जुन्या प्रशासकीय विभागातली लीड्स, ब्रॅडफर्ड, हॅलिफॅक्स ही शहरं लोकरीच्या पैशावर वाढली, हे सर्वश्रुत आहे. गिरण्यांच्या आधीच्या खुणा मात्र आज फार थोड्या उरल्यात. लीड्सचा जुना मूट हॉल, म्हणजे सभा-न्यायदानाची इमारत, तर १८२५ मध्येच पाडला गेला. पुढे १८३५ च्या कायद्याने निवडून दिलेल्या नगरपरिषदा आल्या आणि शहराशहरांत चढाओढ लागली.

१८५३ मध्ये ब्रॅडफर्डने सेंट जॉर्जेस हॉल हे सभागृह उघडलं, ते लीड्सला झोंबलं. त्याच वर्षी लीड्सच्या टाउन हॉलची पायाभरणी झाली. आराखड्याची स्पर्धा जिंकली होती हल शहरातल्या एका तरुण वास्तुविशारदाने. मूळ आराखड्यात टॉवर नव्हता. तो हवा की नको, यावर नगरपरिषदेत तीन वर्षं खल झाला. हवा म्हणणाऱ्यांच्या मते टॉवरशिवाय शहराला रुबाब नाही. विरोधकांना तो करदात्यांच्या पैशाची निव्वळ उधळपट्टी वाटत होता. १८४९ च्या पटकीत या शहरात दोन हजारांहून जास्त माणसं दगावली होती, त्यामुळे त्यांचा मुद्दा उडवून लावण्यासारखा नव्हता. तरीही १८५६ मध्ये टॉवर मंजूर झाला. कंत्राटदाराचं मधल्या काळात दिवाळं निघालं. चाळीस हजार पौंडांच्या आसपासचा हिशेब एक लाख वीस हजारांवर गेला. सप्टेंबर १८५८ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या हस्ते उद्घाटन झालं. घड्याळ मागाहून बसलं. खर्चाचं काही म्हणा, २२५ फुटांचा तो टॉवर वगळून आज लीड्स डोळ्यांपुढे येत नाही. १८६४ पासून परगण्याचं फिरतं न्यायालयही इथेच भरू लागलं आणि ते आपल्याकडे हवं असलेलं शेजारचं वेकफील्ड हात चोळत बसलं.

ब्रॅडफर्डने १८७३ मध्ये आपल्या टाउन हॉलवर फ्लॉरेन्सच्या धर्तीवर २२० फुटी टॉवर उभारून उत्तर दिलं. पाच फूट कमीच.

चर्चमध्येही हीच ईर्षा होती. हॅलिफॅक्सच्या एका गिरणीमालकाने १८५९ मध्ये ऑल सोल्स चर्च पुरं केलं. शिखर २३६ फूट. ते अधिकृत अँग्लिकन पंथाचं. गावातले गालिच्यांचे कारखानदार त्यातून वेगळे झालेल्या पंथाचे, त्यांचं प्रार्थनामंदिर वेगळं. या चर्चच्या वास्तुविशारदाने पुढे मुंबई विद्यापीठाच्या दीक्षान्त सभागृहाचे आणि राजाबाई टॉवरचे नकाशे केले, तेही मुंबईत पाऊल न ठेवता.

पंथांचं हे भांडण शाळांतही शिरलं. १८७० चा शिक्षण कायदा मांडणारा मंत्री ब्रॅडफर्डचाच खासदार होता. चर्चच्या शाळा पुरत नव्हत्या तिथे करातून बोर्ड शाळा, म्हणजे निवडून दिलेल्या शिक्षण मंडळांच्या शाळा, निघाल्या. मुलगे आणि मुलींसाठी वेगळी दारं, वर दगडात कोरलेली अक्षरं अजून वाचता येतात.

१९७४ मध्ये वेस्ट रायडिंग प्रशासकीय नकाशावरून गेलं. ऑल सोल्समध्ये आता नियमित उपासना होत नाही. जुनी चर्चं सांभाळणाऱ्या न्यासाकडे ते आहे. बोर्ड शाळांपैकी कित्येकांची घरं किंवा कचेऱ्या झाल्या. लीड्सची नगरपरिषद १९३३ मध्येच नव्या सिव्हिक हॉलमध्ये गेली, न्यायालयंही नंतर हलली, आणि टाउन हॉल मुख्यतः मैफलींसाठी उरला.