छातीतला हापसा

आमच्या गल्लीतल्या हापशाला दोन खोडी होत्या. पहिले आठ-दहा हात मारले तरी नुसता खडखडाट यायचा, पाण्याचा पत्ता नसायचा. आणि एकदा धार लागल्यावर कुणी मध्येच गप्पा मारायला थांबलं, की वर चढलेलं पाणी खाली उतरायचं आणि पुन्हा आठ-दहा हात फुकट जायचे. उन्हाळ्यात पहाटे चारला घागरींची रांग लागलेली असताना असं मध्येच थांबणाऱ्याला बाया काय बोलायच्या, ते इथं लिहिण्याजोगं नाही.

मराठवाड्यातल्या माणसाला हापसा समजावून सांगावा लागत नाही. 1972 च्या दुष्काळानंतर गावोगावी बोअर पडले, हापसे बसले. पुढं देशभर पोचलेल्या इंडिया मार्क टू या हापशाची वंशावळ काढली, तर तिच्यात ‘जालना पंप’ नावाचा एक पूर्वजही सापडतो. म्हणून हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती कशी दाबायची आणि का दाबायची, हे मी हापशापासूनच सांगणार आहे.

हृदय हासुद्धा झडपांचा पंप. तो अचानक थांबला किंवा नुसताच थरथरायला लागला, की त्याला कार्डियाक अरेस्ट म्हणतात. आपण सगळ्यालाच ‘अटॅक आला’ म्हणून मोकळे होतो, पण दोन्हींत फरक आहे. हार्ट अटॅक म्हणजे हृदयाच्या स्नायूला रक्त देणारी नळी चोंदणं, ठिबकची नळी चोंदते तशी. त्या वेळी माणूस घामाघूम होतो, छाती आवळल्यासारखी वाटते, पण तो बोलत असतो. त्याची छाती दाबायची नाही, त्याला लगेच दवाखान्यात न्यायचं. अरेस्टमध्ये मोटारच बंद. अटॅकमधून अरेस्ट होऊ शकतो, पण दाबायचं ते अरेस्ट झाल्यावर.

छातीच्या मधल्या हाडावर जोर दिला की ते हाड आणि पाठीचा कणा यांच्यामध्ये हृदय चेपलं जातं, छातीतला दाब वाढतो आणि रक्त पुढं ढकललं जातं. झडपा ते मागं येऊ देत नाहीत. हात सैल केला की छाती वर येते आणि पंप पुन्हा भरतो. दांडा पूर्ण वर गेला नाही तर हापसा भरत नाही, तसंच इथं. प्रत्येक दाबानंतर छाती पुरती वर येऊ द्यायची. उत्तम दाबलं तरी नेहमीच्या प्रवाहाच्या जेमतेम पाव ते एक तृतीयांश रक्त फिरतं. पण तेवढ्यावर मेंदू तग धरू शकतो. काहीच केलं नाही तर चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते आणि दर मिनिटाला वाचण्याची शक्यता साधारण 7 ते 10 टक्क्यांनी घटते.

हापशाची ती पहिली खोडही इथं जशीच्या तशी आहे. हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला रक्त मिळायला जो दाब लागतो, तो एका-दोन दाबांत तयार होत नाही, सलग बरेच दाब दिल्यावर चढतो. आणि थांबलात की काही सेकंदांत उतरतो. ‘बघू बरं, शुद्धीवर आला का’ म्हणून दर अर्ध्या मिनिटाला हात काढणारा माणूस घागर कधीच भरू देत नाही.

मग तोंडाने श्वास द्यायचा नाही का? मोठा माणूस आपल्यासमोर अचानक कोसळला असेल, तर त्याच्या रक्तात पहिल्या काही मिनिटांपुरता प्राणवायू शिल्लक असतो. अडलेलं असतं ते रक्ताचं फिरणं. अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2008 साली सामान्य लोकांसाठी फक्त हातांनी करायची पद्धत सांगितली. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांत, फोनवरून सूचना घेऊन नुसती छाती दाबणारे लोक श्वासही देणाऱ्यांपेक्षा मागं पडलेले दिसले नाहीत.

खरी गडबड होते ती ओळखण्यात. लग्नाच्या मांडवात माणूस पंगतीतून उठता उठता पडतो. कुणी तोंडावर पाणी मारतं, कुणी कांदा फोडून नाकाला लावतं, फेफरं समजून कुणी चप्पल हुंगवतं. (अरेस्टच्या सुरुवातीला क्षणभर झटके येऊ शकतात, त्यामुळे ही चूक अगदीच बिनबुडाची नाही.) दोघं-तिघं मनगट धरून नाडी शोधतात. तेवढ्यात त्याचं तोंड उघडतं, हनुवटी वर ओढली जाते, घोरल्यासारखा आवाज येतो, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा एक आचका. ‘श्वास चालू आहे, धुगधुगी आहे’ असं कुणीतरी म्हणतं आणि सगळे हात बांधून उभे राहतात. हा श्वास नाही. आपल्या भाषेत त्याला नेमका शब्द आहे, घरघर. घरघर म्हणजे मेंदूच्या तळाशी उरलेली शेवटची धडपड, आणि ती ऐकू आली की लगेच दाबायला लागायचं.

नाडी शोधू नका, शिकलेल्यांनाही घाईत ती नीट सापडत नाही. खांदे हलवून मोठ्याने हाक मारा. ओ देत नाही आणि नीट श्वास घेत नाही, एवढं पुरे. श्वास नीट चालू असेल तर मात्र कुशीवर वळवून नजर ठेवा. 108 ला फोन लावून स्पीकरवर टाका, किंवा गर्दीतल्या एकाकडे बोट दाखवून सांगा, ‘दादा, तुम्ही लावा.’ ‘कुणीतरी फोन करा’ म्हटलं की कुणीच करत नाही.

माणूस बाजेवर असेल तर खाली घ्या. आपल्याकडे कुणाला बरं वाटेना की आधी बाज ओढतात, आणि इथं तीच नडते. तुमचा निम्मा जोर दोऱ्या आणि नवार खाऊन टाकतात. फरशी, ओटा, सारवलेली जमीन, काहीही चालेल, फक्त टणक पाहिजे. शेजारी गुडघे टेका. छातीच्या मधोमध, हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर एका तळहाताचा मनगटाजवळचा भाग ठेवा, त्यावर दुसरा हात. कोपर ताठ, खांदे हातांच्या बरोबर वर. जोर दंडातून काढायचा नाही, कमरेपासून अंग झोकून दाबायचं. छाती निदान दोन इंच, म्हणजे 5 सेंटिमीटर खाली गेली पाहिजे, 6 च्या पुढं नको. मिनिटाला 100 ते 120 दाब, म्हणजे सेकंदाला दोनपेक्षा किंचित कमी. मोजायचं तर एक ते दहा आणि परत एक. ‘एकोणतीस’ म्हणेपर्यंत हात रेंगाळतो, हा माझा अनुभव.

मी हे बाहुल्यावर शिकलो. वर्गात साठीच्या एक मावशी होत्या. पहिल्याच दाबाला थबकल्या.

‘आवं सर, इतक्या जोरात? बरगडी मोडंल की!’

‘मोडंल मावशी. बरगडी जुळती.’

त्यानंतर मावशींनी जी लय धरली, ती आम्हा तरण्यांपैकी एकालाही जमली नाही. बरगडी मोडणं ही नेहमीची गोष्ट आहे, कट् असा आवाज आला तरी थांबायचं नाही. आणि हृदय चालू असलेल्याला चुकून दाबलंच, तर तो कण्हतो, हात झटकतो, पण गंभीर इजा क्वचितच होते.

बाई पडली की पुरुष मागं सरतात. सार्वजनिक ठिकाणी कोसळलेल्या स्त्रियांना ही मदत पुरुषांपेक्षा कमी मिळते, हे परदेशातल्या अभ्यासांतही दिसलंय. हात मधल्या हाडावर ठेवायचा असतो. पदर काढावा लागत नाही, मंगळसूत्र फक्त बाजूला सरकवा. दुसरी भीती नसत्या झेंगटाची. रस्ते अपघातात मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीने संरक्षण दिलं आहे.

दोन मिनिटांत भलाभला दमतो, आणि दमलेला माणूस उथळ दाबतो हे त्याच्या स्वतःच्या लक्षात येत नाही. आपल्याकडे गर्दी जमायला वेळ लागत नाही. तिला ‘हवा येऊ द्या’ म्हणून हाकलण्यापेक्षा तिच्यातले चार जण पाळीला लावा. तांड्या-वस्तीवर गाडी यायला उशीर लागेल म्हणून जीपच्या मागच्या सीटवर कोंबून पळवण्याचा मोह होतो. पण खड्ड्यांतून धावणाऱ्या गाडीत धड दाबता येत नाही. 108 वाले सांगतील ते ऐका, आणि तोवर जमिनीवर दाबत राहा.

काही ठिकाणी आधी स्वतःला जपा. रात्री मोटार चालू करायला गेलेला शेतकरी स्टार्टरला चिकटला असेल, तर वीज तोडल्याशिवाय हात लावायचा नाही. तारच तुटून पडली असेल तर लांबच थांबा. जुन्या विहिरीत उतरलेला बेशुद्ध पडला, तर मागोमाग उतरू नका, आत विषारी वायू असू शकतो. वीज अंगावर पडलेल्याच्या शरीरात मात्र करंट राहत नाही, त्याला लगेच हात लावता येतो.

विहिरीतून काढलेला माणूस आणि लहान मूल, यांच्या बाबतीत नुसते हात अपुरे. त्यांचा प्राणवायूच आधी संपलेला असतो, त्यामुळे येत असेल त्याने श्वासही द्यावा. विजेने श्वास थांबलेल्याचंही तेच. येत नसेल तर नुसतं दाबावं, काहीच न करण्यापेक्षा ते बरं. फवारणीचं औषध पोटात गेलेल्याच्या तोंडाला तोंड लावू नका.

ही युक्ती सापडली तीही विजेच्या मागं लागून. तारांवर काम करताना मरणाऱ्या वायरमनांच्या प्रश्नातून विल्यम कौवेनहोवेन हे विद्युत अभियंते अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समध्ये हृदयाला झटका देणाऱ्या यंत्रावर काम करू लागले. त्यांचा विद्यार्थी गाय निकरबॉकर याच्या लक्षात आलं की यंत्राच्या जड तबकड्या कुत्र्याच्या छातीवर नुसत्या दाबल्या तरी रक्तदाब चढतो. शल्यचिकित्सक जेम्स ज्यूड यांना घेऊन 1960 साली त्यांनी 20 रुग्णांचा अहवाल छापला. त्यातले 14 जगले. ते रुग्ण रुग्णालयातले होते, म्हणून रस्त्यावर तेवढ्या यशाची आशा धरू नये.

झटक्याचं यंत्र आपल्याकडे बहुतेक वेळा गाडीसोबतच येतं. गाडी दिसली की हात सुटतात, लोक उठून उभे राहतात, आणि स्ट्रेचर उतरेपर्यंत मिनिटभर काहीच होत नाही. हापशावर पुढच्याचा हात दांड्यावर पडल्याशिवाय आपला काढायचा नसे. गाडीतले लोक गुडघ्यावर बसून ‘आता सोडा’ म्हणेपर्यंत दाबत राहायचं.