गाडी तापते? आधी सांगा, कधी तापते
(इंजिन तापण्याचं कारण कसं शोधतात, याविषयी आमच्या गॅरेजच्या ग्राहकांसाठी)

‘गाडी हीट होतेय, रेडिएटर बदलून टाका,’ असं सांगत बरेच जण येतात. रेडिएटर, म्हणजे इंजिनातून आलेलं गरम पाणी गार करणारी जाळी, आम्ही बदलून देऊ, त्यात आमचा तोटा काहीच नाही. पण बिघाड रेडिएटरच्या पंख्याच्या रिलेत (पंखा चालू-बंद करणाऱ्या विजेच्या स्विचमध्ये) असेल, तर नवा रेडिएटर बसवूनही गाडी पुढच्या आठवड्यात कुठल्यातरी चौकात तशीच उकळत उभी राहील. म्हणून पाना हातात घेण्याआधी आम्ही चार प्रश्न विचारतो. त्यांची उत्तरं तुमच्याकडेच असतात, कारण गाडी तुम्ही चालवता.

सिग्नलला तापते, पळताना नाही

पुण्यात विद्यापीठ चौकात किंवा संध्याकाळी सिंहगड रोडला रांगेत असताना तापमानाचा काटा चढतो आणि रस्ता मोकळा मिळाला की खाली येतो, असं असेल तर आधी पंख्यावर संशय घ्यावा. गाडी पळताना वारा आपोआप रेडिएटरवर येतो. उभ्या गाडीत तो पंख्यालाच ओढावा लागतो. घरी पाहायचं तर इंजिन सुरू करा, एसी लावा आणि बोनेट उघडून हात लांब ठेवून बघा. बहुतेक गाड्यांत एसीबरोबर पंखाही फिरू लागतो. नाही फिरला, तर फ्यूज, रिले, वायरिंग किंवा पंख्याची मोटर, यांपैकी काहीतरी गेलंय. सिग्नलला एसी कोमट हवा देतो आणि गाडी चालू लागली की गार, हीसुद्धा त्याच बिघाडाची खूण. (इंजिन बंद केल्यावरही काही गाड्यांत पंखा अचानक सुरू होतो. बोटं सांभाळा.)

पंखा नीट फिरत असेल, तर एसीचा कंडेन्सर (एसीची पुढची जाळी) आणि त्याच्यामागचा रेडिएटर यांच्यामधली फट पाहावी लागते. नव्या बांधकामांची धूळ, पानं, किडे तिथे थर धरून बसतात. हा थर हलक्या पाण्याने काढायचा. वॉशिंग सेंटरच्या जोरदार फवाऱ्याने पातळ पत्र्या वाकतात आणि होता तो वाराही अडतो.

घाटात किंवा हायवेवर तापते

गावात गाडी ठीक, पण साताऱ्याला जाताना खंबाटकी चढताना किंवा सासवडला जाताना दिवे घाटात काटा वर. इथे इंजिनावर जोर असतो, उष्णता जास्त तयार होते आणि अर्धवट तुंबलेला रेडिएटर उघडा पडतो. तुंबायचं मुख्य कारण म्हणजे कूलंटऐवजी (इंजिन गार ठेवणाऱ्या खास द्रावाऐवजी) वर्षानुवर्षं ओतलेलं बोअरचं किंवा टँकरचं पाणी. त्यातले क्षार नळ्यांत चिकटतात, शिवाय गंज आतून ॲल्युमिनियम खातो. पाण्याच्या पंपाची पाती झिजलेली असली किंवा जोरात इंजिन फिरताना रेडिएटरचा खालचा होज पाईप (रबरी नळी) आत चेपत असला, तरी लक्षणं अशीच दिसतात. घाटात गाडी तिसऱ्यात कुंथत नेण्यापेक्षा दुसऱ्यात न्या; पंप जोरात फिरतो आणि कूलंटही.

सुरू केल्यावर थोड्याच वेळात तापते

घरापासून पहिल्या दोन-तीन किलोमीटरमध्येच काटा वर गेला, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असण्याची शक्यता मोठी. साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडून कूलंट रेडिएटरकडे सोडणारी ही झडप. ती उघडली नाही, तर वरचा होज पाईप चटका बसेल इतका गरम आणि खालचा गार, असा फरक सापडतो. ‘थर्मोस्टॅट काढूनच टाका’ हा सल्ला पुष्कळ ठिकाणी मिळतो. आम्ही तो मानत नाही. थर्मोस्टॅट नसला की इंजिन वेळेवर गरम होत नाही, पेट्रोल जास्त पितं आणि मूळ दोष असेल तर तो फक्त झाकला जातो.

कूलंट बदलून घेतल्यानंतर लगेच गाडी तापायला लागली असेल, तर बहुधा आत हवा अडकलेली असते. ती काढून द्यावी लागते, बाकी काही नाही.

कूलंट कमी होतं, पण गळती सापडत नाही

आमचा सर्वात जास्त वेळ इथे जातो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच, त्यामुळे उघड्या भांड्यातलं पाणी इथे ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. इंजिनातलं कूलंट नेहमीच ९० च्या आगेमागे असतं. ते उकळत नाही याचं श्रेय बरंचसं रेडिएटरच्या प्रेशर कॅपला: आत साधारण १ बार दाब राहिला, तर नुसतं पाणीही ११५ ते १२० अंशांपर्यंत तग धरतं, कूलंट त्याहून जास्त. कॅपचं रबर कडक झालं की हा दाब राहत नाही आणि कूलंट त्याच्या साठवणीच्या बाटलीतून बाहेर जातं. सगळ्यात स्वस्त भाग, आणि सगळ्यात शेवटी तपासला जाणारा. आमच्याकडे तो पहिल्यांदा तपासतात.

त्यानंतर थंड इंजिनावर हातपंपाने दाब देऊन प्रेशर टेस्ट होते. दाब उतरला, तर क्लिपा, होज पाईप, पंपाचं सील, केबिनमधला हीटर असं शोधत जातो. केबिनमध्ये ओलं कार्पेट आणि गोडसर वास असेल, तर हीटर गळतोय. गाडीखाली पाणी दिसलं म्हणजे मात्र प्रत्येक वेळी कूलंट नसतं. रंग नाही, वास नाही आणि बोटाला चिकट लागत नाही, ते एसीचं पाणी. चाखून बघू नका. कूलंट विषारी असतं आणि गोड लागतं, म्हणून सोसायटीतल्या कुत्र्या-मांजरांपासूनही लांब ठेवा.

दाब टिकतो, तरी कूलंट कमी होतंय? मग हेड गॅस्केटकडे (इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधल्या सीलकडे) बघावं लागतं. इंजिन चालू असताना बाटलीत सतत बुडबुडे येणं, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहणं, सकाळी थंड इंजिन सुरू केल्याबरोबर होज पाईप कडक होणं, या त्याच्या खुणा. खात्रीसाठी रेडिएटरमधली हवा निळ्या द्रावातून ओढतो. द्राव पिवळा पडला, तर जळलेला वायू कूलंटमध्ये शिरतोय. ऑइलच्या झाकणाखाली पांढरट साय दिसली म्हणून लगेच घाबरू नका. पावसाळ्यात रोज दोन-दोन किलोमीटर चालणाऱ्या गाडीत ती नुसत्या बाष्पानेही जमते. डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) दूधचहासारखं ऑइल दिसलं, तर मात्र गाडी सुरूच करू नका.

गॅस्केट उडालं असेल, तर हेड वाकलंय का तेही मोजून घेतो. वाकलेलं हेड फेस न करता (मशीनवर सपाट न करता) गॅस्केट बसवलं, तर तेच काम पुन्हा करावं लागतं.

रस्त्यात लाल दिवा लागला तर

आजच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत काटा नसतोच. थंड असताना निळा दिवा आणि तापल्यावर लाल, एवढंच. लाल दिवा म्हणजे उशीर झालेलाच असतो. एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर जोरात लावा, सुरक्षित कडेला घेऊन इंजिन बंद करा. ‘पुढच्या पंपापर्यंत पोचतो’ हा विचार सर्वात महाग पडतो. हीटरमधून गार हवा येत असेल, तर कूलंट जवळजवळ संपलंय. अशा वेळी काटा खाली दिसला तरी विश्वास ठेवू नका, कारण सेन्सर कोरडा पडला की चुकीचं दाखवतो.

रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. निदान पाऊण तास थांबा, मग जाड फडकं धरून हळू सैल करा. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं, तर हेडला तडा जाऊ शकतो. कूलंट जवळ नसेल, तर इंजिन थंड झाल्यावर साधं पाणी चालेल, पण आमच्याकडे येताना ते आवर्जून सांगा.

गाडी शक्यतो आदल्या संध्याकाळी किंवा सकाळी थंड असताना आणून ठेवा. प्रेशर टेस्ट गरम इंजिनावर करत नाही. मागचं बिल असेल, तर सोबत ठेवा, काय काय बदललंय ते त्यातून कळतं. तपासणीचे पैसे वेगळे घेतो आणि दुरुस्ती आमच्याकडे केलीत, तर ते बिलातून वजा होतात. काढलेले जुने भाग डिकीत ठेवून देतो.