संगजिऱ्यावरची निळी झिलई

इजिप्तमध्ये झिलईची सुरुवात भांड्यांवर नव्हे, दगडावर झाली. इ.स.पू. ४००० च्याही आधीच्या बदारी संस्कृतीच्या थडग्यांत निळसर-हिरवी झिलई दिलेले संगजिऱ्याचे, म्हणजे सोपस्टोन या दगडाचे, मणी सापडले आहेत. संगजिरे नखाने ओरखडा उठेल इतके मऊ असते. मात्र भट्टीत सुमारे ९०० ते १००० अंश सेल्सिअसपर्यंत तापले की त्यात बांधलेले पाणी निघून जाते, त्याचे एन्स्टॅटाइट नावाचे खनिज बनते आणि ते चांगलेच कठीण होते. दगड मऊ असतानाच कोरून घ्यायचा आणि पुढे एकाच आचेत त्याला टणकपणा व तांब्यामुळे येणारा रंग दोन्ही द्यायचे, अशी ही दुहेरी सोय होती.

खरा गुंता नावांचा आहे. इजिप्तच्या निळ्या झिलईदार वस्तूंना सरसकट 'फायान्स' म्हटले जाते. हा शब्द इटलीतील फाएंझा या गावावरून आला, आणि तिथली कथिलाची झिलई दिलेली भांडी मातीची असत. इजिप्तच्या फायान्सचा गाभा मात्र गारेच्या पुडीचा असतो, आणि खुद्द इजिप्ती लोक त्याला 'चकाकणारे' या अर्थाच्या शब्दाने ओळखत. एकोणिसाव्या शतकात त्याला 'इजिप्ती पोर्सेलिन' असेही म्हटले गेले, जे त्याहून चुकीचे होते. झिलईखालचा गाभा डोळ्यांना दिसत नसल्यामुळे झिलईदार संगजिरेही याच नावांखाली खपून गेले. हा भेद केवळ शब्दांचा मानणे योग्य नाही. फायान्सच्या ओल्या लगद्यातच क्षार मिसळता येतात, ते वाळताना पृष्ठभागावर येतात आणि भट्टीत त्यांचीच झिलई होते; दगडाला ती बाहेरूनच द्यावी लागते, लेप लावून किंवा वस्तू झिलईच्या चूर्णात पुरून. दोन्हींना एकच नाव दिले की दगड कोरणाऱ्याचे कसब हिशेबातून गळते.

पुढे इजिप्तच्या इतिहासातील 'मध्य राज्य' म्हटल्या जाणाऱ्या काळात शेणकिड्याच्या आकाराच्या मुद्रा, म्हणजे स्कॅरॅब, याच दगडाच्या मोठ्या प्रमाणात घडू लागल्या. या कामाचा कळस अठराव्या राजवंशातील राजा तिसरा आमेनहोतेप याच्या स्मारक-स्कॅरॅबांत दिसतो. असे दोनशेहून अधिक स्कॅरॅब ज्ञात असून त्यांतील बहुसंख्य झिलईदार संगजिऱ्याचे आहेत. पहिल्या दहा वर्षांत राजाने शंभराहून अधिक सिंह मारल्याची नोंद, तिये राणीसाठी खोदवलेल्या ३७०० हात लांबीच्या तलावाची वार्ता, उत्तर सीरियाकडच्या मितान्नी राज्याच्या राजकन्येचे आगमन असा मजकूर त्यांच्या तळाशी ओळींमागून ओळी कोरलेला आहे. इतकी बारीक अक्षरे दगड मऊ असतानाच कोरता आली. अनेकांवरची झिलई आता उडाली आहे किंवा तपकिरी पडली आहे. अक्षरे अजून वाचता येतात.