क्रियापदापाशी उरलेलं नाम

ऑफिसच्या ईमेलमध्ये एक वाक्य वारंवार भेटतं: 'आय वॉज एक्सप्लेन्ड द रूल.' मला नियम समजावून सांगितला गेला, असं म्हणायचं असतं. लिहिणाऱ्याचं इंग्रजी कच्चं असतं असं मुळीच नाही. 'आय वॉज टोल्ड द रूल' चालतं, 'आय वॉज टॉट द रूल' चालतं, मग 'एक्सप्लेन्ड'नेच काय घोडं मारलंय? प्रश्न अगदी रास्त आहे आणि शाळेत घोकलेल्या नियमात त्याचं उत्तर सापडत नाही.

कर्मणि प्रयोगाचा, म्हणजे 'पॅसिव्ह'चा, शाळेतला नियम असा: कर्म उचलून पुढे ठेवा, कर्त्याला 'बाय' लावून शेवटी न्या. 'राम ईट्स अ मँगो'चं 'अ मँगो इज ईटन बाय राम'. इथे आंबा पुढे गेला आणि क्रियापदानंतरची जागा रिकामी झाली. त्याला तिथेच ठेवून 'वॉज ईटन अ मँगो' म्हटलं, तर इंग्रजी कानाला ते वाक्यच वाटत नाही. म्हणजे आंब्याला जागा सोडावीच लागते. ही सक्ती कुठून येते?

भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांनी १९८१ साली मांडलेल्या सिद्धांतात उत्तर असं आहे: वाक्यातल्या प्रत्येक नामाला कुणाचा तरी विभक्तीचा आधार लागतो. साधं क्रियापद आपल्या कर्माला तो देतं. कर्मणि रूप घेतलं की क्रियापदाच्या दोन गोष्टी जातात, कर्त्याची राखीव जागा आणि कर्माला आधार देण्याची ताकद. निराधार झालेला आंबा मग रिकाम्या झालेल्या कर्त्याच्या जागी जाऊन बसतो. या दोन गोष्टी एकमेकींशी बांधलेल्या आहेत, हे भाषाशास्त्रज्ञ लुईजी बुर्त्सिओ यांनी १९८६च्या पुस्तकात इटालियन क्रियापदांवरून सविस्तर मांडलं.

'गिव्ह', 'टीच', 'टेल', 'आस्क' ही क्रियापदं दोन कर्मं बाळगतात. कर्मणि रूपात त्यांचा एक आधार जातो, दुसरा शाबूत राहतो. 'आय वॉज गिव्हन अ बुक' या वाक्यात घेणारा पुढे गेला आणि पुस्तक जागच्या जागी राहिलं. 'एक्सप्लेन'ला मात्र मुळात एकच कर्म आहे. समजावून घेणारा माणूस 'टू मी' असा शब्दयोगी अव्ययाच्या आधाराने उभा असतो, क्रियापदाच्या नव्हे. म्हणून 'द रूल वॉज एक्सप्लेन्ड टू मी' म्हणावं लागतं. 'सजेस्ट'चंही तेच. आपली चूक होते कारण मराठीत 'मला सांगितलं', 'मला समजावलं', 'मला सुचवलं' हे तिन्ही 'मला' हुबेहूब सारखे दिसतात.

पण कर्मणि क्रियापदानंतर आलेलं प्रत्येक नाम असं उरलेलं कर्म नसतं. ही दोन वाक्यं एकाखाली एक ठेवून बघा:

शी वॉज मेड अ सँडविच.
शी वॉज मेड अ जज.

शब्दांची रचना तंतोतंत एक. पहिल्यात तिला सँडविच करून दिलं, दुसऱ्यात तिला न्यायाधीश केलं. 'शी'च्या जागी 'दे' घाला. 'दे वेअर मेड अ सँडविच' ठीक आहे, चौघांत मिळून एक सँडविच. 'दे वेअर मेड अ जज' मात्र मोडतं, तिथे 'जजेस' लागतं. सँडविच ही वेगळी वस्तू आहे, तिची संख्या तिच्यापाशी. जज म्हणजे ती बाईच, म्हणून माणसं वाढली की जजही वाढले पाहिजेत. आपल्या व्याकरणात याला विधानपूरक म्हणतात. उरलेल्या कर्माला क्रियापदाचा आधार लागतो, विधानपूरक उद्देश्याच्याच जिवावर उभं असतं.

याचा एक पुरावा मला फार आवडतो. 'ही वॉज इलेक्टेड प्रेसिडेंट' यात 'अ' नाही, 'द'ही नाही. एका वेळी एकाच माणसाकडे असणारं पद विधानपूरक म्हणून आलं की इंग्रजीत त्याचं उपपद गळू शकतं. 'ही वॉज गिव्हन बुक' मात्र कधीच चालत नाही. आपल्या भाषेत उपपदंच नाहीत, त्यामुळे हा फरक आपल्या नजरेतून सहज निसटतो.

'आय वॉज गिव्हन अ बुक' ही रचना इंग्रजीत मुळापासून नव्हती. जुन्या इंग्रजीत 'त्याला' या अर्थाची दोन रूपं होती: कर्मासाठी 'हिने' आणि घेणाऱ्यासाठी 'हिम'. कर्मणि वाक्यात 'हिम' तसंच राहायचं आणि क्रियापद दिलेल्या वस्तूच्या वचनाप्रमाणे चालायचं. पुढे 'हिने' लोपलं, 'हिम' दोन्हीकडे वापरलं जाऊ लागलं, नामांचे प्रत्ययही झिजले. प्रत्यय गेल्यामुळे पुढे आलेला माणूसच लोकांना उद्देश्य वाटू लागला, असा खुलासा बराच काळ दिला जात असे. भाषाशास्त्रज्ञ सिंथिया अ‍ॅलन यांनी १९९५च्या पुस्तकात जुने पाठ बारकाईने तपासून वेगळी संगती लावली: आधी दोन कर्मांचा क्रम पक्का झाला, क्रियापदाला लागून माणूस आणि मग वस्तू. शेजारी बसलेला माणूसच मग मुख्य कर्म समजला जाऊ लागला आणि चौदाव्या शतकाच्या अखेरीस त्याला उद्देश्य करणारी वाक्यं दिसू लागली. मला हा खुलासा जास्त पटतो. 'अ बुक वॉज गिव्हन मी' आज जुनाट का वाटतं, हेही त्यातून उलगडतं: त्यात शेजारच्याला ओलांडून लांबचा पुढे गेलेला असतो.

मराठी याबाबतीत जुन्या इंग्रजीसारखी आहे. 'मला तीन वह्या दिल्या गेल्या.' 'मला' वाक्याच्या सुरुवातीला आहे, पण क्रियापद त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही, ते वह्यांप्रमाणे स्त्रीलिंगी अनेकवचनी होतं. इंग्रजीत 'आय वॉज गिव्हन थ्री बुक्स', पुस्तकं तीन असली तरी 'वॉज' एकाच माणसाचं. जर्मनमध्येही देण्याच्या अशा वाक्यात घेणारा चतुर्थीतच राहतो. मराठी तर आणखी एक पाऊल पुढे जाते. 'चोर पकडला गेला' म्हणता येतं आणि 'चोराला पकडलं गेलं' असंही. दुसऱ्या वाक्यात कर्मणि रूप असूनही कर्माने आपला 'ला' सोडलेला नाही, आणि जुळवून घ्यायला कुणी उरलं नाही म्हणून क्रियापद नपुंसकलिंगी झालं.

संस्कृतात मात्र इंग्रजीशी चकित करणारं साम्य सापडतं. पाणिनीचं सूत्र आहे 'अनभिहिते': क्रियापदाच्या प्रत्ययाने जे सांगितलेलं नाही, तेवढंच विभक्तीने सांगायचं. कर्मणि प्रत्ययाने कर्म सांगून टाकलं, की त्याला द्वितीया लागत नाही, ते प्रथमेत येतं. पण कर्मं दोन असली तर? क्रियापदाचा प्रत्यय एकच, तो एकाच कर्माची सोय करू शकतो. कुणाची करायची, हे परंपरेने धातूंनुसार ठरवून दिलं आहे. 'दुह्' (दूध काढणं), 'याच्' (मागणं), 'प्रच्छ्' (विचारणं) यांसारख्या धातूंच्या बाबतीत गौण कर्म, म्हणजे ज्याच्याकडे मागायचं किंवा ज्याला विचारायचं ते, प्रथमेत जातं; 'नी', 'हृ', 'कृष्', 'वह्' या नेण्या-ओढण्याच्या धातूंच्या बाबतीत प्रधान कर्म, म्हणजे जे न्यायचं ते. म्हणून 'वामनः बलिं वसुधां याचते' (वामन बळीकडे पृथ्वी मागतो) याचं 'वामनेन बलिः वसुधां याच्यते' होतं. बळी प्रथमेत गेला, वसुधा द्वितीयेतच राहिली. 'माणवकः पन्थानं पृच्छ्यते' हे तर शब्दाला शब्द 'द बॉय इज आस्क्ड द वे'. इंग्रजीतल्या 'वे'ला लपून राहिलेला आधार संस्कृतातल्या 'पन्थानम्'च्या अंगावर उघड दिसतो.

हे साम्य 'देण्या'पाशी मात्र थांबतं. संस्कृतात 'दा'ला दोन कर्मं नाहीत, घेणारा संप्रदान (ज्याला द्यायचं तो) असतो आणि चतुर्थी सोडत नाही: 'ब्राह्मणाय गौः दीयते' (ब्राह्मणाला गाय दिली जाते). आणि मराठीत तर विचारण्याचंही तेच झालं आहे. 'माणवकः' प्रथमेत येत असे, आपण म्हणतो, 'मुलाला वाट विचारली गेली.'