तव्यावरचा टाको आणि ‘बीफ’ नावाचा घोळ

तव्यावर खिमा दाबून केलेला टाको, म्हणजे सारण घालून दुमडलेली मेक्सिकन पोळी, पुण्यातल्या घरांत शिरला तो फोनवरच्या व्हिडिओंतून, २०२३ च्या आसपास. पोळीच्या एका बाजूला कच्चा खिमा पातळ थापायचा, तीच बाजू कडकडीत तापलेल्या तव्यावर पालथी घालायची, वरून दाबायचं, दोन-तीन मिनिटांनी उलटायचं, चीज आणि कांदा घालून दुमडायचं. गाडी अडते ती साहित्याच्या पहिल्याच ओळीत. तिथे ‘ग्राउंड बीफ’, म्हणजे बीफचा खिमा, लिहिलेलं असतं, आणि कॅम्पातल्या, म्हणजे पुण्याच्या छावणी भागातल्या, खाटकाच्या दुकानात जाऊन तसं म्हटलं की समोरचा आधी शब्द दुरुस्त करतो, मग वजन विचारतो.

टाकोचा जुना इतिहास इथे फारसा कामाचा नाही. मेक्सिकोत मका चुन्याच्या निवळीत शिजवून दळतात, म्हणून तिथली पोळी दुमडते. आपल्याकडे मका पोर्तुगीजांच्या मागोमाग आला, चुन्याची युक्ती मागेच राहिली. मक्याची भाकरी दुमडून बघा, मधोमध तडकते. खिम्याचा कुरकुरीत टाको वाढला तो मुख्यतः अमेरिकेतल्या मेक्सिकन वस्त्यांत. कवच तळायच्या साच्याचं पेटंट न्यूयॉर्कमधल्या एका उपाहारगृहवाल्याला मिळालं ते १९५० साली. दाबून भाजायची रीत बर्गरवाल्यांची. २०१० मध्ये एक मोठी अमेरिकी टाको साखळी बेंगळुरूत आली तीच मुळी बीफ वगळून. त्यामुळे इथल्या पुष्कळांच्या तोंडात पडलेला पहिला टाको बटाट्याचा, नाहीतर चिकनचा.

आता त्या शब्दाकडे. इंग्रजांच्या शब्दकोशात बीफ म्हणजे गोवंशाचं मांस. १८१७ च्या खडकीच्या लढाईनंतर पुण्यात छावणी वसली, गोऱ्या पलटणींसोबत हा शब्द आला आणि पेठांत न शिरता कॅम्पातच राहिला. इथे त्याचा अर्थ पसरट झाला. बैल असो, रेडा असो की म्हैस, सगळं बीफच. दखनी बोलीत ‘बडे का’, म्हणजे मोठ्या जनावराचं. पाट्यांवर, मेन्यूकार्डांवर, घरातल्या यादीवर हा एकच शब्द चालायचा आणि फोड करायची वेळ कुणावर येत नव्हती.

ती वेळ कायद्याने आणली. राज्याच्या १९७६ च्या कायद्याने गाय कापायला बंदी होती. बैल आणि वळू दाखला घेऊन कापता येत. त्यांनाही बंदीत आणणारी दुरुस्ती विधिमंडळाने १९९५ मध्ये मंजूर केली, पण राष्ट्रपतींची संमती यायला २०१५ उजाडलं. त्या मार्चपासून बैलाचं मांस विकणं तर सोडाच, जवळ बाळगणंही गुन्हा ठरलं. कापण्या-विकण्याला ५ वर्षांपर्यंत कैद, १०,००० रुपयांपर्यंत दंड. म्हैस बंदीबाहेर राहिली, दाखल्याच्या अटीवर. म्हणजे कालपर्यंत एका शब्दात बसणारे दोन प्राणी एका रात्रीत दोन वेगवेगळ्या कलमांखाली गेले, आणि शब्द मात्र जिभेवर तोच. दुकानदार म्हशीच्या मांसाला ‘बफ’ म्हणायला लागले ते फॅशन म्हणून नव्हे. कॅम्पातल्या एका जुन्या खाणावळीच्या मेन्यूकार्डावर मी त्या काळात पांढऱ्या पट्ट्या चिकटवलेल्या पाहिल्या आहेत. पट्टीवर पेनाने ‘बफ’, आणि खालचं छापील ‘बीफ’ उजेडात धरलं की दिसायचं.

पुढचा पेच स्वयंपाकघराचाच होता. ६ मे २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली, पण राज्याबाहेर कापलेलं मांस जवळ बाळगणं गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं. घरात काय खावं हा माणसाचा खासगी मामला, असा त्यामागचा विचार. आरोपीनेच निर्दोषत्व सिद्ध करावं, हे कलमही गेलं. माझ्या मते बंदीच्या गदारोळात निकालाचा हा अर्धा भाग कुणी नीट वाचलाच नाही. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. दुकानात मात्र सवय पडून गेली होती. परदेशी कृतीतलं ‘ग्राउंड बीफ’ पुण्यात म्हशीचा खिमा म्हणूनच घरी येतं, आणि ज्यांना तेही नको ते मटणाचा नाहीतर चिकनचा आणतात.

या अदलाबदलीचा परिणाम तव्यावर दिसतो. अमेरिकेतल्या कृतींत खिम्यात साधारण २० टक्के चरबी धरलेली असते. म्हशीचं मांस त्या मानाने रोड. तसाच खिमा थापला की तो स्वतःच्या चरबीत तळला न जाता करपतो, आणि पोळी चामट होते. म्हणून शिवाजी मार्केटात, म्हणजे जुन्या कॅनॉट मार्केटात, खिमा काढतानाच थोडी चरबी घालून दोनदा काढायला सांगायचं. म्हशीची चरबी पांढरीफेक असते, ती खिम्यात डोळ्यांना दिसते. एका पोळीला लिंबापेक्षा जरा मोठा गोळा पुरे. तवा बिडाचाच हवा. नॉनस्टिकवर तो तांबूस पापुद्रा धरत नाही. दाबायला मी पितळी तांब्याचा बूड वापरतो, मध्ये बटरपेपर ठेवून. कडा तपकिरी होऊन सुटल्याशिवाय उलथनं लावलं तर अर्धा खिमा तव्यालाच राहतो. पहिल्या खेपेला माझा राहिला होता, आणि वर हाती आलेली पोळी नुसतीच.