गर्जमेघ : विदर्भातील अभ्यास व प्रारूपे

जमिनीलगतची तापलेली, दमट हवा झपाट्याने वर चढून 12 ते 16 किमी उंचीपर्यंत जो ढग उभा करते, तो गर्जमेघ. विजा, गारा, वादळवारा आणि घटकाभरात वावर तुडुंब करणारी सर, सारे त्याचेच. विदर्भात तो मुख्यतः मार्च ते जूनमध्ये उठतो. बंगालच्या उपसागराकडून आलेले बाष्प आणि वायव्येचे कोरडे वारे इथे भिडतात. वरुड-मोर्शीकडे आंबिया बहाराची (हिवाळ्याअखेर फुलणाऱ्या हंगामाची) संत्री बोराएवढी असताना गारपीट झाली, की झाडाखाली हिरव्या फळांचा सडा पडतो.

हवा वर जाते, थंड होते, बाष्पाचे थेंब होतात. एक किलो बाष्पाचे पाणी होताना सुमारे 25 लाख जूल उष्णता सुटते आणि तीच ढगाला आणखी वर रेटते. पुढे पावसाच्या ओझ्याने नि बाष्पीभवनाने गार झालेली हवा खाली कोसळून चहूकडे पसरते. सरीआधी मातीचा वास घेऊन येणारा थंड झोत तो हाच. तो अंगावर आला की झाडाखाली थांबू नये, पक्के घर गाठावे. मेघाची वाढ, भर आणि ओसर या अवस्था अमेरिकेत 1946-47 मध्ये विमाने थेट ढगांत घालून झालेल्या अभ्यासातून स्पष्ट झाल्या.

प्रारूप बांधताना खरी अडचण आकाराची. संगणकीय प्रारूपात, म्हणजे हवामानाच्या गणिती नकलेत, वातावरणाचे चौकोन पाडतात. चौकोन 25 किमीचा आणि ढग 5-10 किमी रुंदीचा, म्हणजे ढग त्यात हरवतो. त्याचा परिणाम सूत्राने धरावा लागतो. अराकावा आणि शूबर्ट या हवामानशास्त्रज्ञांनी 1974 मध्ये अशी एक पद्धत मांडली. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेची, मे 2025 मध्ये सुरू झालेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ ही अंदाजप्रणाली 6 किमीच्या चौकोनांवर चालते. तरीही एकटा मेघ नीट उमटायला चौकोन याहून बारीक लागतात. म्हणून ‘तुरळक ठिकाणी गारपीट’ हा अंदाज खरा ठरतो, पण शेतकऱ्याला पुरत नाही. धुऱ्याच्या अलीकडे गारांचा थर, पलीकडे नुसती धूळ, असे इथे घडते.

ही उणीव काही अंशी तात्कालिक अंदाज भरून काढतो. नागपुरात पहाटे सोडलेला उपकरणांचा फुगा हवेची अस्थिरता, म्हणजे ती किती सहज वर उसळेल ते सांगतो, पावसाच्या थेंबांचा वेगही मोजणारे डॉप्लर रडार वाढता ढग टिपते आणि पुढच्या तीन तासांचा इशारा निघतो. वीज पडण्याच्या इशाऱ्यासाठी ‘दामिनी’ ॲप आहे. मात्र पृथ्वीच्या वक्रतेमुळे 200 किमीवर रडारचा सर्वांत खालचा झोतही जमिनीपासून सुमारे 4 किमी उंच जातो. त्याहून लांबच्या सिरोंचा किंवा बुलढाण्यावरच्या ढगाचा तळ नागपूरच्या रडारला दिसत नाही.